खलनायकाचे वजन



दिवाळीच्या सुटीत आमचे घर नातवंडांनी भरून जाते. या वर्षी एके दिवशी सायंकाळचे जेवण आटोपून मी नेहमीप्रमाणे झोपाळ्यावर येऊन बसलो, तो समोर सतरंजीवर जोरदार वाद पेटलेला. एका बाजूला नववीत शिकणारा नातू, दुसऱ्या बाजूला अकरावीतली नात आणि मध्ये चिवड्याची ताटली. अमेरिकन चित्रकथांमधील खलनायकांत सर्वांत बलवान कोण, हा वादाचा विषय. नातवाचा पक्ष डूम्सडेचा; कारण त्याने साक्षात सुपरमॅनचा प्राण घेतला. नातीचा पक्ष थॅनोसचा. कारण त्याने नुसती चुटकी वाजवून विश्वातील निम्मे जीव नाहीसे केले. दोघांकडेही अंकांच्या क्रमांकांसह पुरावे तयार होते. अखेरीस नात माझ्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, तुम्ही चाळीस वर्षे अडतीवर काटा सांभाळलात. आता तुम्हीच वजन करून सांगा."

माल पाहिल्यावाचून भाव सांगू नये, ही आमच्या अडतीची जुनी रीत. मी महिन्याची मुदत मागून घेतली. मुलांनी जाताना आपल्या पुस्तकांची एक थप्पी माझ्या उशाशी रचून ठेवली. या महिन्याचे सदर म्हणजे त्या थप्पीचा हिशेब होय.

माझ्या पिढीला चित्रकथा ठाऊक नव्हत्या असे नाही. १९६४ साली मुंबईहून 'इंद्रजाल कॉमिक्स' निघू लागले आणि पुढे त्यांच्या मराठी अंकांतून वेताळ आमच्या घरी आला. वेताळ श्रेष्ठ की जादूगार मँड्रेक, यावर आम्हीही शाळेच्या मधल्या सुटीत तावातावाने भांडत असू. मात्र त्या कथांतील चाचे आणि लुटारू यांची नावे आम्ही कधी लक्षात ठेवली नाहीत. ते यायचे, मार खायचे आणि अंकाबरोबर संपायचे. खलनायकाच्या बळावर वाद घालावा, हे मला नवीन होते.

अमेरिकेत मात्र ही परंपरा जुनी आहे. सुपरमॅन १९३८ साली अवतरला आणि दोनच वर्षांनी, १९४० मध्ये, त्याचा हाडवैरी लेक्स ल्यूथर आला. त्याच वर्षी 'बॅटमॅन'च्या पहिल्या अंकात जोकर आला. जोकरची कथा तर मोठी गमतीची आहे. त्या अंकाच्या शेवटी त्याला मारून टाकायचे, असे ठरले होते. चित्रेही तयार झाली होती. पण संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी हे पात्र हातचे घालवू नये असे सांगितले आणि तो जिवंत असल्याचे दाखवणारे एक चित्र शेवटी जोडले गेले. त्या एका चौकटीवर जोकर गेली ऐंशीहून अधिक वर्षे जगतो आहे.

१९६० नंतर या अंकांच्या शेवटच्या पानांवर वाचकांची पत्रे मोठ्या उत्साहाने छापली जाऊ लागली. संपादक ज्युलियस श्वार्ट्झ पत्रलेखकांचे संपूर्ण पत्तेही छापत. त्यामुळे दूर दूरच्या गावांतील वाचक एकमेकांना थेट पत्रे लिहू लागले. त्याच सुमारास जेरी बेल्स आणि रॉय थॉमस या दोन वाचकांचा स्नेह जुळला आणि १९६१ साली 'ऑल्टर इगो' नावाचे चाहत्यांचे नियतकालिक निघाले. त्यांतील रॉय थॉमस हे शाळामास्तर पुढे मार्व्हल प्रकाशनाचे मुख्य संपादक झाले. गिऱ्हाईक म्हणून आलेला माणूस गादीवर बसावा, असाच हा प्रकार. कथेतील चूक शोधून तिचे समर्थनही स्वतःच करून दाखवणाऱ्या वाचकाला मार्व्हलकडून बक्षीस म्हणून एक लिफाफा येई. त्यावर अभिनंदनाचा मजकूर असे, आत काहीच नसे. तो रिकामा लिफाफा मिळावा म्हणून पोरे रात्र रात्र जागत. ज्या व्यवहारात दोन्ही पक्ष असे संतुष्ट होतात, असा दुसरा व्यवहार मला तरी आठवत नाही.

या वादांना काट्यावर चढवण्याचे काम मार्क ग्रुएनवॉल्ड यांनी केले. तेही मूळचे चाहतेच. १९८३ पासून त्यांनी मार्व्हलच्या सर्व पात्रांचा एक कोश सिद्ध केला. त्यात प्रत्येकाची उंची, वजन आणि उचलण्याची ताकद टनांत दिलेली आहे. स्पायडरमॅन सुमारे दहा टन उचलतो, म्हणजे एक मालट्रकभर माल. शंभर टनांच्या पुढचे थॉर, हल्क आदी वीर एका निराळ्या वर्गात. नातवाचा सगळा युक्तिवाद या पद्धतीचा होता. मी प्रथम तोच काटा हाती घेतला.

डूम्सडे त्या काट्यावर निश्चितच भारी भरतो. १९९२ च्या नोव्हेंबरात 'सुपरमॅन'चा ७५ वा अंक विक्रीस आला. जमिनीखालून एक राक्षस बाहेर येतो आणि वाटेत येईल ते मोडत मेट्रोपोलिसपर्यंत पोहोचतो. त्याला गतायुष्य नाही, हेतू नाही, बोलणेही नाही. सुपरमॅन आणि तो परस्परांना ठोसे मारत दोघेही कोसळतात. हा अंक काळ्या पिशवीत बंद करून, सोबत शोकाची काळी फीत घालून विकला गेला. दुकानांपुढे रांगा लागल्या, लाखो प्रती खपल्या. अनेकांनी पुढे भाव चढेल या आशेने पाच-पाच, दहा-दहा प्रती घेऊन, पिशवी न फोडता कपाटात ठेवून दिल्या. वाचकहो, आपणांस पुढचे सांगायला नको. ज्या मालाच्या लाखो प्रती घरोघरी जपून ठेवल्या आहेत, त्याचा भाव चढणार कसा? वर्षभरात सुपरमॅनही परत आला. पुढील काही वर्षांत चित्रकथांचा बाजार असा बसला की १९९६ च्या डिसेंबरात खुद्द मार्व्हल कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. त्याला कारणे अनेक होती. त्यांत साठेबाजी हेही एक होते.

मी नातवाला दूरध्वनीवर विचारले, "डूम्सडे स्वतः काय म्हणतो, हे तुला आठवते का?" तो थोडा वेळ गप्प राहिला. आठवण्यासारखे काही नव्हतेच. केवळ बळ असलेल्या खलनायकाची हीच अडचण असते. त्याच्याहून बलवान दुसरा आणला की पहिल्याचे मोल उतरते. मग तिसरा आणावा लागतो.

याच्या नेमकी उलट कथा मला थप्पीत खाली सापडली. १९७३ सालचा 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा १२१ वा अंक. लेखक गेरी कॉनवे तेव्हा अवघे वीस वर्षांचे. ग्रीन गॉब्लिन हा खलनायक स्पायडरमॅनच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पळवून पुलाच्या उंच मनोऱ्यावर नेतो आणि खाली लोटून देतो. स्पायडरमॅन आपले जाळे फेकून तिला पाण्यावर पडण्याआधी झेलतो. आपण तिला वाचवले, या आनंदात तो तिला वर ओढतो. ती गतप्राण झालेली असते. जाळे जिथे तिच्या पायांना धरते, त्या चित्रात तिच्या मानेजवळ मोडल्याचा आवाज दर्शवणारा एक बारीक शब्द छापलेला आहे.

या एका शब्दावर चाहते पन्नास वर्षे वाद घालत आहेत. ती पडण्यानेच मेली की जाळ्याच्या हिसक्याने? वाचकांची पत्रे आली. काही अंकांनंतर संपादकांनी पत्रांच्या पानावर दुःखपूर्वक कबूल केले, की एकाएकी थांबल्याने बसलेल्या हिसक्यानेच तिचा अंत झाला. पूल नक्की कोणता, यावरही वाद आहे. कारण मजकुरात नाव एका पुलाचे आहे आणि चित्र दुसऱ्याच पुलासारखे. परंतु खरा वाद पहिलाच. दहा टन उचलणाऱ्या हातांना एक मुलगी हळुवार झेलता आली नाही. ग्रीन गॉब्लिनची ताकद कोशात जी लिहिली असेल ती असो. त्याने स्पायडरमॅनच्या खात्यावर जी रक्कम नावे टाकली, ती इतक्या वर्षांत फिटलेली नाही. येथे माझ्या हातातला टनांचा काटा मी खाली ठेवला.

नातीचा थॅनोस मला अधिक आवडला. जिम स्टार्लिन यांनी तो १९७३ मध्ये 'आयर्न मॅन'च्या एका अंकात प्रथम आणला आणि १९९१ च्या 'इन्फिनिटी गॉन्टलेट' या सहा अंकी मालिकेत त्याच्या हाती विश्वाची सर्व सत्ता दिली. चित्रपट पाहिलेल्या मुलांना वाटते, की विश्वात माणसे फार आणि साधने थोडी, म्हणून त्याने निम्मे जीव संपवले. तो हेतू २०१८ च्या चित्रपटातील आहे. मूळ कथेत त्याचे मृत्यूवर प्रेम आहे. मृत्यू तेथे स्त्रीरूपाने वावरते. तिने आपल्याकडे एकदा तरी पाहावे, यासाठी तो हा संहार तिच्या चरणी वाहतो. ती पाहत नाही. पुढे तो हरतो, तेव्हा ॲडम वॉरलॉक हा त्याचा जुना प्रतिस्पर्धी त्याला कारण सांगतो : आपण या सत्तेस पात्र नाही, हे तुझ्या अंतर्मनाला ठाऊक होते, म्हणून हरण्याची वाट तूच प्रत्येक वेळी मोकळी ठेवलीस. शेवटच्या पानांवर विश्वाचा हा स्वामी एका दूरच्या ग्रहावर शेती करताना दिसतो. नातीला हे सांगितले, तर ती म्हणाली, "म्हणजे तो कमजोर ठरला?" मी म्हटले, "तसे नाही. कथा सोन्यासारखी झाली. पण निम्मे विश्व गेले, ते परतही आले. आपल्यापैकी कोणाचे काही गेले का?"

याच स्टार्लिन यांनी आणखी एक कथा लिहिली आहे. तिच्यात वाचकांचे काहीतरी नक्कीच गेले. १९८८ सालची ही गोष्ट. बॅटमॅनचा सोबती रॉबिन हा तेव्हा जेसन टॉड नावाचा मुलगा होता. आधीच्या रॉबिनच्या मानाने तो तापट, हट्टी. अनेक वाचकांना तो आवडत नसे. तो आपल्या जन्मदात्या आईच्या शोधात इथिओपियापर्यंत जातो आणि तेथे जोकरच्या हाती सापडतो. जोकर त्याला लोखंडी पहारीने मारतो आणि गोदामात बॉम्ब ठेवून निघून जातो. ४२७ वा अंक स्फोटाशी संपतो. अंकाच्या शेवटी दूरध्वनीचे दोन क्रमांक छापलेले होते. एक मुलगा जगावा म्हणून, दुसरा तो मरावा म्हणून. प्रत्येक कॉलला पन्नास सेंट. मुदत सुमारे दीड दिवसाची. पुढच्या अंकासाठी दोन्ही शेवटांची चित्रे तयार ठेवण्यात आली होती.

मरावा म्हणणारे ५,३४३. जगावा म्हणणारे ५,२७१. फरक ७२ मतांचा.

कोणा एकाच माणसाने संगणक लावून एकसारखे कॉल केले आणि हा फरक पडला, असे आपल्या कानावर आल्याचे संपादक डेनिस ओनील पुढे सांगत. ते खरे असो वा नसो, मुलगा गेला. बॅटमॅन त्याचा देह हातांवर घेऊन चालतो आहे, असे ते चित्र आहे. जेसन टॉड कथेत परत आला तो २००५ साली, म्हणजे सतरा वर्षांनी. आणि आला तो सूड घेण्यासाठी.

ही कथा मी मुलांना सांगितली, तेव्हा दोघेही विलक्षण शांत झाले. नातवाने विचारले, "आजोबा, तुम्ही कोणता नंबर फिरवला असता?" मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "अर्थात वाचवण्याचा."

त्या रात्री मी थप्पीतले शेवटचे पुस्तक वाचले. १९८६ सालची डेअरडेव्हिलची 'बॉर्न अगेन' ही कथा. लेखक फ्रँक मिलर, चित्रकार डेव्हिड मॅझुकेली. तिच्यातील खलनायक किंगपिन. याच्याकडे कोणतीही अद्भुत शक्ती नाही. तो जगापुढे स्वतःला मसाल्यांचा साधा व्यापारी म्हणवतो, म्हणून मी जरा सावरून बसलो. डेअरडेव्हिल हा मुखवट्यामागे मॅट मर्डॉक नावाचा अंध वकील आहे. हे गुपित जाणणारी त्याची पूर्वीची प्रेयसी व्यसनात बुडालेली असते. अमली पदार्थाच्या एका मात्रेसाठी ती त्याचे नाव विकून टाकते. ते नाव हातोहात किंगपिनपर्यंत पोहोचते. किंगपिन मारेकरी पाठवत नाही. प्रथम मर्डॉकची बँक खाती गोठतात. मग घराच्या कर्जाचे हप्ते पोहोचलेच नाहीत, असे पत्र येते. एक पोलीस अधिकारी खोटी साक्ष देतो आणि वकिलीची सनद जाते. घरातली वीज जाते. मर्डॉकला कळत नाही, हे कोण करते आहे. दैव फिरले, एवढेच वाटत राहते. एखाद्या माणसाची पत वीट वीट करून कशी काढून घ्यावी, याचे इतके बिनचूक वर्णन मी अन्यत्र वाचलेले नाही. किंगपिन चुकतो तो एकदाच. शेवटी तो मर्डॉकचे घर स्फोटाने उडवून देतो. तेव्हा मर्डॉकला उमगते की हे दैव नाही, यामागे माणूस आहे.

मला झोप आली नाही. कारण वाचकहो, मारेकरी न पाठवता पत काढून घेणे मी जवळून पाहिले आहे.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी आमच्याच पेठेत एक व्यापारी होते. स्वभावाने रागीट, बोलण्यात फटकळ. माझे त्यांच्याशी जमत नसे. त्यांनी राहते घर तारण ठेवले आहे, हे मला एका कारकुनाकडून कळले होते. एके दिवशी बाहेरगावच्या एका पेढीचे मालक माझ्या गादीवर चहाला बसले असता सहज म्हणाले, "त्यांना पाचशे पोती उधारीवर पाठवतो आहे, हरकत नाही ना?" मी कपातला चहा संपवला आणि म्हणालो, "जरा जपूनच."

एवढेच. त्यात एक अक्षर खोटे नव्हते. त्या पोत्यांच्या गाड्या आल्या नाहीत. आठवड्याभरात इतर पेढ्याही रोख मागू लागल्या. पुढच्या हंगामाला त्या दुकानाची फळी उघडली नाही. त्यांची काही गिऱ्हाइके माझ्याकडे आली, ती मी घेतली. माझ्या हयातीत मी कोणावर हात उगारलेला नाही. वहीत खोटी नोंद केलेली नाही. म्हणून इतकी वर्षे तो चहा माझ्या लक्षातही नव्हता.

त्या ५,३४३ जणांपैकी स्वतःला कोणी क्रूर समजले नसेल. मुलगा उद्धट होता, आवडत नव्हता, पैसे भरून नंबर फिरवला. मी नातवाला दिलेले उत्तर फार घाईने दिले होते, हे मला त्या रात्री कळले.

मुदत संपल्यावर एका रविवारी मुले निकाल ऐकायला आली. मी म्हणालो, "टनांच्या काट्यावर डूम्सडे. सत्तेच्या काट्यावर थॅनोस. पण मी ज्या काट्याने वजन केले, त्याच्या एका पारड्यात खलनायक आणि दुसऱ्या पारड्यात त्याने समोरच्याचे कायमचे काय नेले, हे ठेवले. त्यावर किंगपिन भारी भरला. आणि मला तो ओळखीचा वाटला." मग मी त्यांना चहाची हकिकत सांगितली. नात बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. आजोबांकडे तिने असे पूर्वी कधी पाहिले नव्हते. नातू म्हणाला, "पण आजोबा, तुम्ही खरेच बोलला होता ना?" मी म्हणालो, "हो. मर्डॉकचे नाव विकणारीही खरेच बोलली होती."

त्या व्यापाऱ्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांचे चिरंजीव त्याच पेठेच्या दुसऱ्या टोकाला लहानसे दुकान चालवतात. इतकी वर्षे आम्ही भेटलो की मान हलवून पुढे जातो. येत्या आठवड्यात मी त्यांच्याकडे जाणार आहे. काय बोलायचे, हे अजून ठरलेले नाही. नातू सोबत येतो म्हणतो आहे.

वादाचे म्हणाल तर तो मिटलेला नाही. किंगपिनला पहिला क्रमांक देणे नातीला अजिबात मान्य नाही. तिने आता डॉक्टर डूमची बाजू घेतली असून नवी थप्पी माझ्या उशाशी आली आहे. आपल्या घरातील मुलेही असे वाद घालत असतील, तर त्यांना कृपया गप्प बसवू नका. जवळ बसा, आणि सर्वांत बलवान कोण हे त्यांचे सांगून झाले, की तो असे का वाटते, हेही विचारा. त्यांची उत्तरे या सदराकडे अवश्य पाठवावीत. उत्तम उत्तरास आम्ही एक रिकामा लिफाफा पाठवू.